एका खात्यावर एकावेळी किती लॉगिन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाकडे हा विषय बहुतेक वेळा तक्रार बनूनच येतो. "एकाच नावानं तिघं जण आत बसलेत, हे बंद करा." मागणी एका ओळीची असते, पण काम तेवढ्यात आटोपत नाही. गेली कित्येक वर्षं मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केलेत. काही उत्तरांत माझं मतही आलंय. ते मत आहे हे तिथल्या तिथे सांगितलंय.

"एकावेळी एकच लॉगिन" म्हणजे नेमकं काय मोजायचं?

आधी हे ठरवा, मग सेटिंगला हात लावा. लॉगिन ही एका क्षणाची गोष्ट. नाव आणि पासवर्ड जुळला, दार उघडलं, झालं. त्यानंतर माणूस आत जितका वेळ असतो ते सेशन. आणि त्या सेशनच्या पोटात सर्व्हरशी जी संभाषणं चालतात ती कनेक्शन. एका माणसाच्या एका सेशनमध्ये फाइल सर्व्हरची दोन, मेलची पाच आणि प्रिंटरचं एक कनेक्शन सहज असतं.

गोंधळ होतो तो इथेच. आपण बोलतो लॉगिन, आपल्या मनात असतं सेशन, आणि सर्व्हर मोजत असतो कनेक्शन. मग "एक" असा आकडा टाकला की सरळमार्गी माणसाचं मेल बंद पडतं आणि पासवर्ड वाटून घेणारे मात्र मजेत चालू राहतात. तुमचा सर्व्हर तिन्हींपैकी काय मोजतो ते माहीत नसेल, तर मर्यादा लावण्याआधी एक दिवस नुसती नोंद करा. स्वतःच्या खात्यानं रोजचं काम करा आणि संध्याकाळी बघा, तुमच्या नावावर किती जमलंय. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा दोन यंत्रं वापरत असूनही माझ्या नावावर ११ कनेक्शन होती.

मर्यादा मुळात हवीच कशाला?

खरी कारणं तीन-चारच आहेत. लोक पासवर्ड वाटून घेतात आणि मग कोणी काय केलं ते नोंदीवरून कळत नाही. चोरलेला पासवर्ड मालक कामावर असतानाच दुसरीकडून वापरला जातो. लायसन्स माणशी घेतलेलं असतं. आणि विंडोजमध्ये रोमिंग प्रोफाइल असेल (म्हणजे माणसाच्या फाइल्स आणि सेटिंग सर्व्हरवर राहून प्रत्येक यंत्रावर त्याच्यामागे येत असतील), तर दोन यंत्रांवर एकदम बसलेल्या माणसाचं जे यंत्र शेवटी लॉगआउट होतं, त्याच्या प्रती आधीच्या बदलांवर चढतात आणि काम हरवतं.

अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या ८००-५३ या नियमावलीत एसी-१० हा कलम नेमका यासाठीच आहे. पण त्यात "एकच" असा आकडा कुठेही नाही. प्रत्येक प्रकारच्या खात्यासाठी संस्थेनं आपला आकडा ठरवावा, एवढंच तो सांगतो. ऑडिटवाले "एकच पाहिजे" म्हणून अडून बसले, तर हे त्यांना शांतपणे दाखवा.

मग आकडा किती ठेवावा?

सामायिक यंत्रांची खोली असेल आणि प्रत्येक जण एकाच जागी बसून काम करत असेल, तर १. टेबलावरचं यंत्र आणि लॅपटॉप दोन्ही असणाऱ्यांना २. वायफायला, जिथे फोनही येतो, ३ पेक्षा कमी ठेवू नये असं माझं मत आहे. आकडा माणसांच्या सवयीवरून काढा. आधी दोन आठवडे मोजा. ज्याच्या नावावर कायम सात-आठ दिसतात त्याच्याशी आधी बोला. निम्म्या वेळा त्यामागे रास्त कारण निघतं.

माणूस घरी गेला, यंत्रही बंद आहे, तरी सर्व्हर म्हणतो "आधीच लॉगिन आहे". असं का?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. बाकीचं सगळं याच्याभोवती फिरतं.

लॉगिनची वर्दी सर्व्हरला नेहमी मिळते, कारण वर्दी दिल्याशिवाय आत येताच येत नाही. जाताना सांगण्याची सक्ती मात्र कुणावर नसते. वीज गेली, केबल निघाली, लॅपटॉप झाकला, यंत्र अडकलं म्हणून कुणी बटण दाबून बंद केलं, यातल्या कुठल्याही प्रसंगात सर्व्हरला "मी निघालो" हा निरोप जात नाही. टीसीपी (नेटवर्कवरच्या बहुतेक संभाषणांची मूळ पद्धत) कनेक्शन दोन्ही बाजू गप्प असल्या तरी कितीही वेळ उघडं राहू शकतं. लिनक्सवर कीप-अलाइव्ह, म्हणजे "आहेस का?" अशी विचारणा, चालू असली तरी पहिली विचारणा मुळातच (सेटिंग न बदलता) ७२०० सेकंदांनी, म्हणजे २ तासांनी होते. उत्तर नाही आलं तर ७५-७५ सेकंदांनी एकूण ९ वेळा विचारलं जातं. बेरीज होते २ तास ११ मिनिटं १५ सेकंद. तेवढा वेळ घरी गेलेला माणूस सर्व्हरच्या लेखी जागेवर बसलेला असतो. आम्ही याला भूत सेशन म्हणतो.

मी हे कसं शिकले ते सांगते. एका संस्थेच्या संगणक कक्षात मी मर्यादा १ ठेवली होती. चाचणीत सगळं नीट चाललं. मग एका परीक्षेच्या दिवशी दिवे क्षणभर मिचकावले. सर्व्हर यूपीएसवर होता, तो ढिम्म हलला नाही. विद्यार्थ्यांची यंत्रं साध्या विजेवर होती, ती सगळी एकदम बंद होऊन परत सुरू झाली. प्रत्येकानं पासवर्ड टाकला आणि प्रत्येकाला एकच उत्तर मिळालं: तुम्ही आधीच लॉगिन आहात. सर्व्हरच्या दृष्टीनं ते खरंच होतं, कारण त्याच्यापुढे काही घडलंच नव्हतं. मी नोंदी एकेक करून हातानं काढत होते आणि मागे मुलं घड्याळाकडे बघत होती. पहिल्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मी दुसरीकडे कुठेच बसलेली नाहीये हो." ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. चूक काहीच नसताना तिला खुलासा द्यावा लागला, आणि तो माझ्या सेटिंगमुळे.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी मेलेली सेशन लवकर ओळखण्याची सोय, ती चाललीय याची खात्री, आणि मग मर्यादेचा आकडा. खात्री करायची म्हणजे चालू यंत्राची नेटवर्क केबल सरळ उपसायची आणि घड्याळ लावून बसायचं. नीट लॉगआउट करून घेतलेल्या चाचणीला या बाबतीत काही किंमत नाही.

मर्यादा भरली की नव्याला अडवायचं, की जुन्याला बाहेर काढायचं?

दोन्ही पद्धती चालतात, आणि दोन्हींत कुणाचं तरी नुकसान आहे.

नव्याला अडवलं तर भूत सेशन सगळ्यात जास्त छळतात. पण एक गोष्ट चांगली होते: पासवर्ड चोरून कुणी आधीच आत बसला असेल, तर खऱ्या मालकाला दारातच कळतं की काहीतरी गडबड आहे. जुन्याला काढलं तर भुतांचा प्रश्न सुटतो, कारण नवं लॉगिन आलं की जुनं आपोआप साफ. पण कुणाचं अर्धवट लिहिलेलं काम त्यात जाऊ शकतं. आणि पासवर्ड दोघांकडे असेल तर ते एकमेकांना दिवसभर बाहेर ढकलत बसतात, दोघांनाही वाटतं नेटवर्क खराब आहे, आणि फोन तुम्हाला येतो.

मला पटलेला मार्ग असा: जुनं सेशन बराच वेळ गप्प असेल तर न विचारता काढा. ते चालू असेल तर नव्या माणसाला ते कुठल्या यंत्रावर आणि किती वाजल्यापासून आहे ते दाखवा आणि त्यालाच विचारा, "तिथलं बंद करू का?" बहुतेकांना लगेच आठवतं की सकाळी आपण दुसऱ्या खोलीत बसलो होतो. ज्याला आठवत नाही, त्याचा पासवर्ड त्याच क्षणी बदलायला लावा. सगळ्या प्रणालींत ही सोय मिळत नाही, पण जिथे मिळते तिथे सोडू नका.

विंडोज डोमेनमध्ये हा पर्याय कुठे आहे? मला सापडतच नाही.

सापडणार नाही, कारण तो नाहीच. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोज डोमेनची सगळी खाती जिथे ठेवलेली असतात ती यादी) "या युजरला एकावेळी इतकीच लॉगिन" असा रकाना दिलेला नाही. नॉव्हेल नेटवेअर ही जुनी सर्व्हर प्रणाली वापरलेल्या लोकांना याचा फार राग येतो, आणि तो बरोबर आहे. नेटवेअरमध्ये खात्याच्या निर्बंधांत एकाचवेळच्या कनेक्शनची मर्यादा सरळ लिहिता यायची. शिवाय युजरचं यंत्र सुमारे ५ मिनिटं गप्प राहिलं की नेटवेअरचा सर्व्हर त्याला वॉचडॉगचं पाकीट पाठवून "आहेस का?" असं विचारायचा, आणि वारंवार विचारूनही उत्तर नाही आलं तर कनेक्शन मोकळं करायचा. मर्यादा आणि भूत साफ करणं ही दोन्ही कामं एकाच घरात होती, म्हणूनच ती इतकी सुरळीत चालली.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ते का नाही, हे समजून घेतलं तर पुढची वणवण वाचते. डोमेन कंट्रोलर (खाती तपासणारा सर्व्हर) कर्बेरॉसचं तिकीट, म्हणजे ओळखीचा तात्पुरता पुरावा, देतो आणि विषय संपवतो. तिकीट मुळातल्या सेटिंगनुसार १० तास चालतं, आणि ७ दिवसांपर्यंत त्याचं नूतनीकरण होतं. दरम्यान ते तिकीट घेऊन माणूस काम करतोय की घरी गेलाय, याची यादी कंट्रोलर ठेवत नाही. सिनेमाचं तिकीट देणाऱ्याला आत कोण अजून बसलंय ते माहीत नसतं, तसंच. त्यात डोमेनमध्ये अनेक कंट्रोलर असतात आणि माणूस त्यांपैकी कुणाकडूनही तिकीट घेतो.

मायक्रोसॉफ्टनं पूर्वी लिमिटलॉगिन नावाचं साधन दिलं होतं. ते डिरेक्टरीत स्वतंत्र पार्टिशन करून, आयआयएसवरच्या (मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर) वेब सर्व्हिसच्या मदतीनं आणि लॉगऑन-लॉगऑफ स्क्रिप्टच्या भरवशावर मोजणी करायचं. यंत्र अचानक बंद पडलं की लॉगऑफ स्क्रिप्ट चालत नाही, म्हणजे पुन्हा तीच भुतं. आज नव्या सर्व्हरवर ते बसवायच्या फंदात पडू नका.

मग विंडोजवर करायचं तरी काय?

जुनी युक्ती अशी: प्रत्येक युजरच्या नावानं एक लपवलेलं शेअर (नेटवर्कवरून उघडता येणारं फोल्डर) बनवायचं, नेट शेअर कमांडमध्ये युजर्सची संख्या १ द्यायची, आणि लॉगऑन स्क्रिप्टनं ते शेअर जोडायचा प्रयत्न करायचा. जोडलं नाही तर दुसरीकडे कुणी आहे असं समजून लॉगऑफ. खर्च शून्य, आणि लहान जागी चालतंही. पण त्यात एक भोक आहे. विंडोजचा फाइल सर्व्हर मुळातच १५ मिनिटं गप्प राहिलेलं कनेक्शन सोडून देतो. माणूस जेवायला गेला, फाइल कुठलीच उघडी नव्हती, की त्याची जागा मोकळी होते आणि दुसरा आत येतो. त्या शेअरवरची एखादी फाइल सेशनभर उघडी धरून ठेवली तर हे टळतं.

दुसरा मार्ग नोंदींचा. प्रत्येक यंत्राच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२४ हा लॉगिनचा, ४६३४ हा सेशन संपल्याचा आणि ४६४७ हा माणसानं स्वतः लॉगआउट केल्याचा इव्हेंट असतो. हे सगळं एका जागी गोळा करून मोजता येतं. मात्र ४६२४ सरसकट मोजू नका. त्यात लॉगिनचा प्रकार बघा: २ म्हणजे माणूस समोर बसलाय, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप, ३ म्हणजे नेटवर्कवरून फाइल वगैरे मागितली. प्रकार ३ चा नुसता पाऊस पडतो. तो गाळला नाही तर प्रत्येक माणूस शंभर ठिकाणी बसलेला दिसतो.

तिसरा मार्ग म्हणजे प्रश्नच बदलणं. युजरच्या खात्यात "लॉग ऑन टू" असा पर्याय आहे, तिथे त्यानं कुठल्या यंत्रांवर बसायचं ते लिहिता येतं. ज्याचं यंत्र ठरलेलं आहे, त्याच्यासाठी हे मोजणीपेक्षा कितीतरी भरवशाचं. यात मोजायचंच काही नाही, म्हणून चुकायचंही काही नाही.

मोठ्या जागी यासाठी विकत मिळणारी साधनं घ्यावी लागतात. घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा: चालू यंत्राची वीज काढली तर तुमच्या यादीतून ते किती वेळात जातं? आणि उत्तर तोंडी घेऊ नका, करून दाखवायला सांगा. दुसरा प्रश्न लॅपटॉपचा. विंडोज मुळातच शेवटच्या १० युजरचे लॉगिन यंत्रावर साठवून ठेवतं, त्यामुळे नेटवर्क नसतानाही माणूस आपल्या लॅपटॉपवर आत येतो. तिथे सर्व्हरवरची कुठलीही मर्यादा पोहोचत नाही.

रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर?

इथे सोपं आहे. ग्रुप पॉलिसीत (विंडोजची सेटिंग एका जागेवरून लावण्याची सोय) रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टच्या कनेक्शन विभागात, युजरला एकाच सेशनपुरतं मर्यादित ठेवण्याची पॉलिसी आहे. ती चालू केली की दुसरीकडून आलेला माणूस आपल्याच चालू सेशनमध्ये येतो, काम होतं तसं समोर. सोबत तुटलेल्या सेशनला वेळेची मर्यादा लावा, नाहीतर आठवडाभरापूर्वीची सेशन मेमरी खात पडून राहतात. प्रशासनासाठी ठेवलेल्या साध्या सर्व्हरवर दोनच सेशन मिळतात आणि ती बहुधा आपल्याच सहकाऱ्यांनी न लॉगआउट करता सोडलेली असतात. क्यूयुजर कमांडनं यादी बघा, लॉगऑफ कमांडला सेशनचा क्रमांक देऊन मोकळी करा. काढण्याआधी सहकाऱ्याला फोन मात्र करा.

लिनक्सवर?

लिनक्समध्ये ही सोय मुळातच आहे. ईटीसीमधल्या सिक्युरिटी फोल्डरात लिमिट्स डॉट कॉन्फ ही फाइल असते. एका ओळीत चार रकाने: कुणाला, हार्ड की सॉफ्ट, कशाची मर्यादा, किती. मर्यादेचं नाव मॅक्सलॉगिन्स. ग्रुपला लावायची तर ग्रुपच्या नावाआधी ॲटचं चिन्ह द्या. मग ग्रुपमधल्या प्रत्येकाला तेवढी लॉगिन मिळतात. टक्क्याचं चिन्ह दिलंत तर सगळ्या ग्रुपला मिळून तेवढी. या दोन चिन्हांची अदलाबदल ही मी पाहिलेली सगळ्यात सामान्य चूक. २ लिहून प्रत्येकाला दोन द्यायची होती, आणि अख्ख्या विभागाला मिळून दोनच मिळाली. तिसरा माणूस आला की बाहेर.

संपूर्ण यंत्रावरच्या एकूण लॉगिनसाठी मॅक्ससिसलॉगिन्स ही वेगळी मर्यादा आहे. रूटला (मुख्य प्रशासकाच्या खात्याला) यातलं काहीच लागू होत नाही, आणि ते चांगलंच आहे. स्वतःला बाहेर कोंडून घेण्याची वेळ येत नाही. एसएसएच नं (दुसऱ्या यंत्रावरून सुरक्षित लॉगिन करण्याची सोय) येणाऱ्यांना मर्यादा लागायची तर एसएसएचच्या सर्व्हरमध्ये पॅमचा, म्हणजे लिनक्समध्ये लॉगिन तपासणाऱ्या भागाचा, वापर चालू हवा. आधीपासून आत असलेल्यांना मर्यादा बाहेर काढत नाही, ती फक्त नव्याला अडवते.

आता मोजणीचं. ही मर्यादा बहुधा यूटीएमपी नावाच्या नोंदीवरून मोजते, म्हणजे हू कमांडमध्ये जे दिसतं तेच. त्यामुळे दोन विचित्र गोष्टी घडतात. एक्सटर्मसारखे टर्मिनल प्रोग्राम प्रत्येक खिडकीची वेगळी नोंद करतात, म्हणून एकच माणूस तीन खिडक्या उघडून आपली मर्यादा स्वतःच संपवतो. उलट एसएसएच वरून नुसती फाइल पाठवली किंवा टर्मिनल न घेता एखादी कमांड चालवली, तर तिची नोंदच होत नाही आणि ती मोजणीत येत नाही.

भुतांसाठी एसएसएच सर्व्हरच्या सेटिंगमध्ये क्लायंटअलाइव्हइंटर्व्हल बघा. तो मुळात ० असतो, म्हणजे बंद. तो ६० करा. क्लायंटअलाइव्हकाउंटमॅक्स मुळात ३ असतो, तो राहू द्या. तीन विचारणा अनुत्तरित गेल्या की साधारण ३ मिनिटांत मेलेलं सेशन निघून जातं. २ तास ११ मिनिटांवरून ३ मिनिटांवर, आणि त्यासाठी एकच ओळ बदलावी लागते. मर्यादा लावणाऱ्या प्रत्येकानं ही ओळ आधी लिहावी असं मी कळकळीनं सांगते.

मी मॅक्ससेशन्स १ केलं, तरी एकच माणूस पाच वेळा आत येतोय.

येणारच. एसएसएचमधलं मॅक्ससेशन्स एका कनेक्शनच्या पोटातल्या सेशनसाठी असतं, माणसासाठी नसतं. मुळात ते १० असतं. मॅक्सस्टार्टअप्स तर अजून पासवर्डच न टाकलेल्या कनेक्शनसाठी आहे. नावांमुळे दोन्ही फसवतात. दोन्ही होते तसे करा आणि मॅक्सलॉगिन्सकडे वळा.

वायफायवर एका नावानं कितीही यंत्रं जोडली जातात. कसं थांबवायचं?

वायफायमागे बहुधा रेडियस सर्व्हर असतो, जो नाव-पासवर्ड तपासतो आणि कोण जोडलंय त्याची नोंद ठेवतो. फ्रीरेडियस या त्याच्या मोफत प्रकारात सायमल्टेनियस-यूज हा गुणधर्म युजरला किंवा ग्रुपला द्यायचा, आणि सेशन विभागात मोजणी कुठून करायची ते सांगायचं, रेडयूटीएमपी या नोंदीच्या फाइलमधून किंवा डेटाबेसमधून. हे दुसरं काम विसरलं तर मर्यादा लिहिलेली असते आणि चालत मात्र नाही.

इथली मोजणी अकाउंटिंगवर, म्हणजे उपकरणानं पाठवलेल्या हजेरीच्या निरोपांवर, चालते. ॲक्सेस पॉइंट किंवा कंट्रोलर "सुरू" आणि "संपलं" असे निरोप १८१३ या पोर्टवर पाठवतो. निरोप यूडीपीवरून जातात, ज्यात पोचपावती नसते, म्हणजे वाटेत हरवू शकतात. "संपलं" हरवला की भूत तयार. त्यावर तीन उपाय एकत्र लागतात. कंट्रोलरला मधूनमधून "अजून चालू आहे" असा निरोप पाठवायला लावा. मानकानुसार हे अंतर ६० सेकंदांपेक्षा कमी ठेवता येत नाही आणि ६०० पेक्षा कमी ठेवू नये असा सल्ला आहे. मी ६०० ठेवते. मग दोन-तीन निरोप चुकलेलं सेशन डेटाबेसमधून आपोआप बंद करणारं काम दर काही मिनिटांनी चालवा. आणि शक्य असेल तिथे चेकरॅडचा वापर करा. तो अडवण्याआधी थेट उपकरणालाच विचारतो की हा माणूस खरंच तिथे आहे का. "यादीत आहे म्हणून अडवलं" आणि "विचारून खात्री केली म्हणून अडवलं" यातला फरक युजरला लगेच जाणवतो.

आत असलेल्याला बाहेर काढायचं असेल तर डिस्कनेक्टचा निरोप ३७९९ या पोर्टवर जातो. मधल्या फायरवॉलमध्ये तो पोर्ट उघडा आहे का ते बघा.

अजून एक: यंत्रं मॅक पत्त्यावरून (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) मोजू नका. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला बनावट पत्ता देतात. तोच फोन पत्ता बदलून आला की नवा फोन वाटतो आणि बिचाऱ्याची मर्यादा आपोआप भरते.

व्हीपीएनवर दोन यंत्रं जोडली की दोन्ही सतत तुटतात.

ओपनव्हीपीएन असेल आणि दोन्ही यंत्रांवर एकच सर्टिफिकेट (ओळख पटवणारी फाइल) टाकलेलं असेल, तर तो असंच वागतो. त्याच नावाचा नवा आला की जुन्याला काढतो. जुना लगेच परत जोडतो, मग नवा निघतो, आणि हे रात्रभर चालतं. ड्युप्लिकेट-सीएन हा पर्याय लावला की तुटणं थांबतं, पण मर्यादाही गेली. त्याऐवजी प्रत्येक यंत्राला वेगळं सर्टिफिकेट द्या. एखादा लॅपटॉप हरवला तर तेवढं एकच रद्द करता येतं.

मेल सर्व्हर आणि डेटाबेसलाही एकच कनेक्शन ठेवू का?

नको. थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम एकटाच मुळात ५ आयमॅप (मेल वाचण्याची) कनेक्शन उघडून ठेवतो. डोव्हकॉट या मेल सर्व्हरमध्ये एका युजरला एका पत्त्यावरून मुळात १० ची मर्यादा असते. एकाच राउटरमागे दोन यंत्रं आणि एक फोन असला की तीही कमी पडते. डेटाबेसमध्ये पोस्टग्रेसला रोलवर (म्हणजे खात्यावर) कनेक्शन लिमिट आणि मायएसक्यूएलला मॅक्स युजर कनेक्शन्स आहे, पण ॲप्लिकेशन कनेक्शनचा साठा धरून चालतं. तिथे मर्यादा पडझड रोखण्यासाठी वापरा, माणसं मोजण्यासाठी नको.

मी स्वतःच लॉगिन स्क्रिप्टमध्ये तपासणी लिहिली तर?

लिहा, पण दोन गोष्टी सांभाळा. "नोंद आहे का ते बघ, नसेल तर लिही" असं दोन पायऱ्यांत केलंत, तर दोन लॉगिन एकाच क्षणी आली की दोघांनाही जागा मोकळी दिसते आणि दोघंही आत येतात. बघणं आणि धरणं एकाच झटक्यात व्हायला हवं. लिनक्सवर फाइल तपासण्याऐवजी सरळ फोल्डर बनवायचा प्रयत्न करा. फोल्डर आधीच असेल तर ती कमांड फसते, आणि दोघांपैकी एकालाच ते बनवता येतं. त्या फोल्डरात प्रोसेसचा क्रमांक लिहून ठेवा, म्हणजे ती प्रोसेस जिवंत नसेल तर फोल्डर साफ करता येईल.

दुसरं, तपासणी करणारा सर्व्हरच बंद असेल तर काय? सगळ्यांना अडवणार की सगळ्यांना सोडणार? हे आजच ठरवून लिहून ठेवा. माझं मत: रोजच्या कामाच्या यंत्रांवर सोडा आणि नोंद ठेवा. मर्यादेसाठी अख्खं काम थांबवण्याइतकी ती मोठी गोष्ट नाही.

कुणाला सूट द्यायची?

बॅकअप, मॉनिटरिंग अशा सेवांच्या खात्यांना मोजणीतून वगळा. पण त्या खात्यांना समोर बसून लॉगिन करायला बंदी घाला. आणीबाणीसाठी एक प्रशासकाचं खातं मर्यादेबाहेर ठेवा, त्याचा लांब पासवर्ड बंद पाकिटात, आणि ते वापरलं की लगेच कळेल अशी सूचना लावलेली. साहेबांना सूट? नको. त्यांच्या खात्याला जास्त अधिकार असतात, म्हणून ते खातं जास्त जपायचं.

अडवताना स्क्रीनवर काय लिहावं?

पॅमचा "टू मेनी लॉगिन्स" असा संदेश माणसाला काहीच सांगत नाही. शक्य असेल तिथे तीन गोष्टी द्या: कुठे, कधीपासून, आणि आता काय करायचं. "तुमचं खातं खोली ३ मधल्या यंत्र १२ वर सकाळी १०:२० पासून चालू आहे. ते तुम्हीच असाल तर तिथून लॉगआउट करा. तुम्ही नसाल तर लगेच या नंबरवर फोन करा." या तीन वाक्यांनी आमच्याकडचे निम्मे फोन थांबले. "आपण नियमभंग केला आहे" असलं काही लिहू नका. समोरचा बहुतेक वेळा निर्दोष असतो आणि त्याची वीज गेलेली असते.

एक जण आत्ता अडकलाय, फोनवर आहे. काय करू?

आधी विचारा, दुसरीकडे कुठे बसला होतात का, यंत्र कसं बंद झालं. मग यादी बघा: लिनक्सवर डब्ल्यू किंवा लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स, विंडोजवर क्यूयुजर, फाइल सर्व्हरवर उघड्या फाइल्स. सेशन कुठल्या पत्त्यावरून आहे आणि किती वेळ गप्प आहे ते वाचा. पत्ता त्याच्या ओळखीचा आणि सेशन गप्प असेल तर ते एकच सेशन काढा, लॉगिनसीटीएल टर्मिनेट-सेशन आणि त्याचा क्रमांक. टर्मिनेट-युजर वापरू नका, त्यानं चालू ठेवलेली बाकीची कामंही जातात. पत्ता अनोळखी असेल तर काहीही काढण्याआधी त्याची आणि वेळेची नोंद घ्या, मग पासवर्ड बदला, आणि मगच सेशन काढा. क्रम उलटा केला तर आत बसलेला माणूस जुन्याच पासवर्डनं दुसऱ्या मिनिटाला परत येतो. फोन ठेवण्याआधी युजर आत आलेला स्वतः बघा.